फायबरची होडी दुरुस्त करताना: काच, रेझिन आणि गोव्याची हवा

सागाची फळी किंवा लोखंडाचा पत्रा विकत आणला की त्याचे गुणही त्याच्याबरोबर घरी येतात. फायबरचं तसं नाही. दुकानातून येते ती काचेच्या धाग्यांची मॅट आणि डबाभर पातळ रेझिन, म्हणजे गोठून घट्ट होणारा द्रव. नुसती मॅट हाताने फाटते, आणि नुसतं रेझिन गोठलं की हातोडीच्या एका ठोक्यात तडकतं. होडीला पेलणारा माल या दोहोंतून बनतो, आणि तो होडीच्या अंगावरच, त्या दिवशीच्या हवेत, दुरुस्ती करणाऱ्याच्या हाताखाली बनतो. महागडं साहित्य आणूनही ठिगळ सहा महिन्यांत सुटतं आणि साध्या मॅटचं ठिगळ वर्षानुवर्षं टिकतं, ते यामुळेच.

शापोऱ्यापासून बेतुलापर्यंत गोव्याच्या किनाऱ्यावर आता फायबरच्या होड्या सर्रास दिसतात. दुरुस्ती मात्र बऱ्याचदा "थोडं रेझिन फासलं की झालं" अशा बेताने उरकली जाते. हा लेख ज्यांना स्वतः हात घालायचा आहे त्यांच्यासाठी आहे, आणि कारागिराकडून काम करून घेताना नेमकं काय बघायचं हे ज्यांना हवं आहे त्यांच्यासाठीही.

आधी माल ओळखा

होड्यांसाठी वापरतात ती काच 'ई-ग्लास' या जातीची. तिचा एकेक धागा ताणाला पोलादाच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा कितीतरी बळकट असतो. पण मॅटमध्ये धागे आखूड आणि अस्ताव्यस्त पडलेले असतात, आणि तयार थरात वजनाने जेमतेम ३० ते ३५ टक्के काच उतरते. त्यामुळे हाताने केलेल्या मॅटच्या थराचा ताठरपणा पोलादाच्या पंचवीस-तीस पट कमी भरतो. हे ऐकून घाबरायचं कारण नाही. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट केली की विरोध आठपट. फायबर पोलादाच्या पत्र्यापेक्षा तिप्पट जाड केलं की वाकण्याच्या बाबतीत दोघं बरोबरीला येतात, आणि तरीही फायबरचं वजन पोलादाच्या निम्म्याहून थोडंच जास्त राहतं. होडीचा तळ लवत असेल तर उपाय जाडीत किंवा आतून बसवलेल्या आडव्या फासळीत शोधायचा. महागड्या धाग्यात तो नाही.

हेच तत्त्व दिवाडी बेटावर मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं. नौदलाच्या 'म्हादई' आणि 'तारिणी' या शिडाच्या नौका तिथल्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधल्या गेल्या. मध्ये लाकडाचा गाभा आणि दोन्ही बाजूंना काचेची कातडी अशी त्यांची रचना. 'म्हादई'वरून अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता जग फिरून आले, आणि 'तारिणी'वरून २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. जाडी गाभ्याने दिली आणि ताण बाहेरच्या काचेने झेलला.

कार्बन फायबरबद्दल हल्ली फार विचारणा होते, म्हणून तो विषय इथेच संपवतो. मासेमारीच्या होडीला कार्बन लावणं म्हणजे पैसे पाण्यात. तो ताठ आहे, हलका आहे, हे खरं. पण काचेच्या थरावर कार्बनचा एकच थर चढवला की तो जास्त ताठ असल्यामुळे आपल्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त भार स्वतःवर ओढून घेतो आणि आधी तुटतो. शिवाय कार्बन विजेचा वाहक आहे. खाऱ्या पाण्यात तो ॲल्युमिनियमला टेकला की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आणि बाहेरून लटकवायच्या इंजिनाचं अंग बहुधा ॲल्युमिनियमचंच असतं. केव्हलार, म्हणजे अरॅमिड धागा, घासटीला आणि फाटण्याला चिवट असतो. पण तो साध्या कात्रीने कापत नाही, घासला की नुसता पिंजारतो, आणि दाबाला कमजोर आहे. वाळूत ओढली जाणारी रापणीची (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची) होडी असेल आणि नवा तळच घालायचा असेल तरच त्याचा विचार करावा. ठिगळासाठी त्याच्या नादी लागू नका.

खरी निवड रेझिनची. दुकानात 'जीपी' नावाने मिळतं ते सर्वांत स्वस्त पॉलिएस्टर, आणि पाण्यात सतत बुडून राहायला तेच सर्वांत कच्चं. त्याहून बरं 'आयसो', म्हणजे पॉलिएस्टरचीच वरची जात, त्याहून सरस व्हिनाइल एस्टर आणि जुन्या अंगाला चिकटण्यात सगळ्यांत पुढे इपॉक्सी. माझा हिशेब असा: पाण्याच्या रेषेवरचं छोटं काम आयसोमध्ये करावं, रेषेखालचं छिद्र, कणा आणि इंजिन लटकतं ती मागची फळी ही कामं इपॉक्सीत. मात्र सुरुवातीलाच ठरवा. गोठलेल्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी छान बसतं, पण गोठलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. म्हणजे एकदा इपॉक्सी लावलं की पुढे त्या जागी इपॉक्सीच, आणि वरून जेलकोटऐवजी (होडीच्या अंगावरचा गुळगुळीत रंगीत पॉलिएस्टरचा थर) रंग.

मॅट विकत घेताना आणखी एक गोष्ट बघायची. नेहमीच्या मॅटमधले धागे ज्या चिकट द्रव्याने एकत्र धरलेले असतात ते पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनमध्ये (रेझिन पातळ ठेवणारा उग्र वासाचा द्रव) विरघळतं, म्हणून मॅट मऊ पडून वळणावर बसते. इपॉक्सीत स्टायरिन नसतं. त्यात ती मॅट ताठच राहते आणि खाली हवा अडकते. इपॉक्सीसाठी विणलेलं किंवा शिवलेलं काचेचं कापड मागा.

जून नव्हे, मे

यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. होड्या वर ओढलेल्या, हाताला वेळ, म्हणून दुरुस्त्या नेमक्या याच काळात निघतात. फायबरच्या कामाला वर्षातला याहून वाईट काळ नाही. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर, आणि काचेचा धागा ओल्या हवेत पृष्ठभागावर पाण्याचा थर धरून ठेवतो. तो थर रेझिन आणि काच यांच्या मधे राहिला की ठिगळ वरून चकचकीत दिसतं आणि आतून सुटं असतं.

एप्रिलच्या शेवटापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत काम उरका. बंदीच्या दिवसांत रंगकाम, जाळी आणि इंजिन बघता येईल. पावसातच करणं भाग असेल तर शेड किंवा मांगर हवा, चारही बाजूंनी ताडपत्री हवी आणि आत हॅलोजन दिवे लावून होडीचं अंग हवेपेक्षा थोडं गरम ठेवायला हवं.

नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: होडीचा पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्यापेक्षा, किमान ३ अंशांनी गरम असला पाहिजे. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २७ अंशांवर येतो. पहाटेची गार होडी तेव्हा त्याच्या जवळच असते आणि तिच्यावर न दिसणारी ओल असते. ३२ अंश आणि ६० टक्के असतील तर दवबिंदू २३-२४ पर्यंत उतरतो आणि निर्धास्तपणे काम करता येतं. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळवजा यंत्र स्वस्तात मिळतं, ते घ्याच. सकाळी दहाच्या आधी रेझिनचा डबा उघडू नका, आणि उघड्या उन्हात तर कधीच नाही. तापलेल्या अंगावर रेझिन रोलर फिरवायच्या आतच गोठतं.

दुखणं किती खोल आहे?

दिसणारं भोक हा बहुधा दुखण्याचा लहान भाग असतो. पाच रुपयांचं नाणं घेऊन भोकाभोवती वीतभर अंतरापर्यंत टकटक करत जा. निरोगी थर खणखणतो, आणि जिथे आतले थर सुटले आहेत तिथे आवाज बद्द येतो. ती हद्द खडूने आखा. कापायचं ते खडूच्या रेषेपर्यंत, भोकापुरतं नाही.

तळावर फोड दिसले तर एक फोडून वास घ्या, डोळ्यांना चष्मा लावूनच, कारण आतलं पाणी दाबाखाली असतं आणि पिचकारीसारखं उडतं. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते ऑस्मोसिस समजायचं. जेलकोटमधून पाणी हळूहळू आत झिरपतं, रेझिनमधल्या कच्च्या राहिलेल्या अंशाशी त्याची प्रक्रिया होते, आणि तयार झालेला आम्लधर्मी द्रव आणखी पाणी ओढत फोड फुगवतो. गोड्या पाण्यात हे खाऱ्या पाण्यापेक्षा जास्त वेगाने होतं, कारण आतल्या द्रवाशी गोड्या पाण्याचा फरक मोठा असतो. मांडवी-जुवारीच्या वरच्या पट्ट्यात पावसाळ्यात पाणी जवळपास गोडं होतं. "बंदीत होडी नदीत सुरक्षित बांधून ठेवली" असं म्हणणाऱ्याच्या होडीला दिवाळीनंतर फोड का येतात, ते यावरून कळेल. पावसाळ्यात होडी बाहेर, उंचवट्यावर, पालथी ठेवलेली बरी.

मागच्या फळीकडे स्वतंत्र लक्ष द्या. फायबरच्या दोन कातड्यांमध्ये तिथे प्लायवूड असतं आणि इंजिनाच्या बोल्टच्या भोकांतून पाणी त्यात शिरतं. आतल्या बाजूने ३ मिलिमीटरचं बारीक भोक पाडा. भुसा कोरडा आणि फिकट आला तर ठीक. काळपट, ओला, कुजका आला तर वरून ठिगळ मारण्यात अर्थ नाही. आतली कातडी कापून प्लायवूड बदलावं लागेल.

धुणं आणि घासणं

सगळ्या कामातला अर्ध्याहून जास्त वेळ इथे जातो आणि जायलाच हवा. आधी धुवायचं, मग घासायचं. हा क्रम उलटा केला की मासळीचं तेल आणि इंजिनाचं ऑइल घासणीबरोबर ओरखड्यांत भरलं जातं. गोड्या पाण्याने मीठ आणि तांबडी माती काढा, मग कपडे धुण्याच्या पावडरीने ब्रश मारून चोळा, पुन्हा भरपूर गोडं पाणी. शेवटी पाणी शिंपडून बघा. पाणी सलग पसरलं तर अंग स्वच्छ, मोत्यांसारखे थेंब उभे राहिले तर तेल अजून आहे.

आता वाळवण. भोकाच्या बाजूला हातभर पारदर्शक प्लास्टिक चारही कडांना चिकटपट्टीने घट्ट लावून एक दिवस ठेवा. आतून बाष्प धरलं तर फायबर अजून ओलं आहे. आणखी दोन-चार दिवस ऊन खाऊ द्या.

मग ग्राइंडर. भोकाच्या कडा नुसत्या साफ करून चालत नाही. त्यांना लांब उतार द्यावा लागतो, जाडीच्या बारापट. ६ मिलिमीटर जाडीच्या अंगाला चहूबाजूंनी ७२ मिलिमीटरचा उतार येतो. एवढं चांगलं फायबर घासून टाकताना जीव कळवळतो आणि बहुतेक जण तीन-चार पटींवर थांबतात. पण जुनं आणि नवं यांच्यात एकही धागा सलग नसतो. सगळा भार फक्त चिकटलेल्या क्षेत्रफळातून पलीकडे जातो, आणि ते क्षेत्रफळ उतारातूनच मिळतं. उताराच्या पलीकडेही तीन-चार बोटं ४० ते ६० नंबरच्या पॉलिश पेपरने खरबडीत करा. धूळ ब्रशने झाडा, ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसा आणि ते सुकण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्या. यानंतर त्या जागेला उघडा हात लावायचा नाही.

काचेची धूळ कातडीला खाजवते आणि फुप्फुसात गेलेली लवकर बाहेर येत नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा, गॉगल आणि धुळीचा चांगला मास्क वापरा; तोंडाला बांधलेला रुमाल उपयोगाचा नाही.

माल किती लागेल

उदाहरणादाखल १० सेंटिमीटर व्यासाचं भोक आणि ६ मिलिमीटर जाडीचं अंग धरू. उतार धरून ठिगळाचा बाहेरचा व्यास साडेचोवीस सेंटिमीटरच्या आसपास जातो. ४५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) मॅटचा एक थर गोठल्यावर सुमारे १ मिलिमीटर भरतो, ६०० जीएसएमच्या विणलेल्या रोविंगचा, म्हणजे जाड काचधाग्यांच्या कापडाचा, सुमारे ०.८. मॅट आणि रोविंग आलटून-पालटून, सुरुवात आणि शेवट मॅटने, असे चार मॅट आणि तीन रोविंग लावले की ६.४ मिलिमीटर होतात. वरचं थोडं घासण्यात जाणारच आहे.

या सगळ्याला काच शंभर ग्रॅमदेखील लागत नाही. मॅट स्वतःच्या वजनाच्या दोन ते सव्वादोनपट रेझिन पिते, रोविंगला जवळपास वजनाइतकंच पुरतं. एकूण दीडशे ग्रॅमच्या आत. ब्रशला, डब्याला चिकटणारं आणि वाया जाणारं धरून पाव किलो रेझिन काढा. खर्चाच्या दृष्टीने माल किरकोळ आहे, म्हणून जीपीऐवजी चांगलं रेझिन घेण्यात काटकसर करू नका. मोठा नवा थर घालायचा असेल तेव्हा हा विचार वेगळा.

मिश्रण

इथे जिवाशी खेळ आहे, म्हणून सावकाश वाचा. पॉलिएस्टर गोठवायला दोन द्रव्यं लागतात: जांभळं कोबाल्ट आणि पाण्यासारखं दिसणारं एमईकेपी, ज्याला दुकानात कुणी कॅटॅलिस्ट म्हणतं, कुणी हार्डनर. ही दोन थेट एकमेकांत कधीही मिसळू नका. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. दोघांसाठी एकच माप किंवा एकच सिरिंज वापरायची नाही, बाटल्याही शेजारी ठेवायच्या नाहीत. बरीच रेझिन कोबाल्ट आधीच घालून विकली जातात, तेव्हा घेतानाच विचारा. तसं नसेल तर आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्या आणि मगच एमईकेपी घाला.

एमईकेपीचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. गॉगल लावल्याशिवाय बाटली उघडायची नाही, आणि स्वच्छ पाण्याची बादली हाताशी हवी. उडालंच तर लगेच, किमान पंधरा मिनिटं सतत पाण्याने धुवा आणि तसेच डॉक्टरकडे जा.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात एमईकेपी १ टक्का पुरतं, म्हणजे १०० ग्रॅम रेझिनला साधारण १ मिलिलिटर. डब्यावरच्या सूचनेत वेगळं प्रमाण असेल तर ते पाळा. एका वेळी शंभर-दीडशे ग्रॅमच कालवा. मोठ्या डब्यात कालवलेलं रेझिन स्वतःच्याच उष्णतेने तापत जाऊन धुमसायला लागतं. इपॉक्सीची गोष्ट निराळी. तिथे हार्डनरचं प्रमाण वजनकाट्यावर काटेकोर घ्यायचं. लवकर गोठावं म्हणून जास्त घातलं तर ते कायमचं चिवट आणि कच्चं राहतं. घाई असेल तर जलद हार्डनर वेगळा विकत मिळतो.

स्टायरिनचा वास डोक्यात चढतो. उघड्या हवेत काम करा, बंद जागेत वाफेसाठीचा कार्बनगाळणीचा मास्क घाला आणि आसपास कुणाला विडी ओढू देऊ नका.

थर चढवणं

होडीच्या आतल्या बाजूने भोकावर आधार हवा. त्याला सनमायकाचा तुकडा उत्तम. तो वळणाप्रमाणे वाकतो, आणि गुळगुळीत बाजूला मेणाचं पॉलिश दोन-तीनदा लावलं की रेझिन त्याला धरत नाही. चिकटपट्टी आणि टेकूने तो पक्का करा.

उताराच्या जागी आधी नुसतं रेझिन ब्रशने लावा. मग सर्वांत मोठा तुकडा पहिला, त्यावर क्रमाने लहान. अनेक कारागीर उलट करतात, लहानापासून मोठ्याकडे. मला पहिली पद्धत पटते, कारण मोठा थर जुन्या अंगाला संपूर्ण उतारावर चिकटतो आणि शेवटी सपाट घासताना कापला जात नाही. उलट क्रमात घासणीखाली नेमका तोच जातो.

प्रत्येक तुकडा ठेवल्यावर ब्रश ओढायचा नाही, टोचायचा. पांढरी मॅट पारदर्शक होत गेली की ती भिजली. मग खाचांचा लोखंडी रोलर मधून कडेकडे फिरवून हवा बाहेर काढा. पांढरा ठिपका दिसला तर तिथे हवा आहे. रेझिनची तळी साचू देऊ नका; जास्त रेझिन म्हणजे जास्त ठिसूळ. तीन-चार थरांनंतर थांबा, उष्णता उतरू द्या आणि थर अजून किंचित चिकट असतानाच त्याच दिवशी पुढचे चढवा. रात्रभर गॅप पडला तर पुन्हा घासूनच सुरुवात करावी लागेल. इपॉक्सी असेल तर गोठल्यावर वर मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने धुवा, मगच घासा.

वरचं अंग

एक दिवसानंतर ८० नंबरने सपाट करा, बारीक खड्डे पुट्टीने भरा, १२० आणि २२० ने घासून घ्या. पॉलिएस्टर हवेला उघडं राहिलं की वरून चिकट राहतं, म्हणून शेवटच्या जेलकोटमध्ये मेणाचं द्रावण मिसळून घ्यावं लागतं. ते दुकानातूनच जेलकोटबरोबर मागा. ओल्या थराची जाडी अर्धा मिलिमीटर पुरे. जाड लावलेला जेलकोट पुढे केसासारखा तडकतो. जेलकोट उन्हाने खडूसारखा भुकटतो तो वेगळा प्रकार. त्याला वर्षातून एकदा घासून मेण लावणं पुरतं.

काम पक्कं झालं का ते बघायला ॲसिटोनचं फडकं जागेवर थोडा वेळ धरा. पृष्ठभाग मऊ पडून बोटाला चिकटला तर रेझिन कच्चं आहे, आणखी ऊन लागेल. नाणं पुन्हा वाजवून बघा. पाण्यात सोडायला किमान एक आठवडा थांबा.

राहिले बोल्ट. स्टेनलेस म्हणून दुकानात मिळतं ते बहुधा ३०४ असतं. खाऱ्या वाऱ्यात त्यावर चहाच्या रंगाचे डाग आणि बारीक खड्डे पडतात. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते क्लोराइडला जास्त काळ दाद देत नाही. लोहचुंबक लावून या दोघांतला फरक कळत नाही, म्हणून डोक्यावरचा 'ए४' हा ठसा बघून घ्या. ३०४ वर 'ए२' असतो. मागच्या फळीत बोल्ट घालताना भोक आधी मोठं पाडा, ते घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने भरा, गोठल्यावर त्यातून हव्या त्या मापाचं भोक पाडा. बोल्टभोवतीचं सीलंट उद्या सुटलं तरी पाणी मग प्लायवूडपर्यंत पोचत नाही.

उरलेलं कालवलेलं रेझिन डब्यातच झाकण लावून ठेवू नका, ते तापतं. पसरट पत्र्यावर ओतून उघड्यावर गोठू द्या, ॲसिटोनची फडकी बाहेर वाळवा, आणि यातलं काहीही नदीत किंवा माडाच्या आळ्यात टाकू नका.